गारठाताईंचे लोण्याचे गुलाब

बेकरीत त्यांना सगळे गारठाताई म्हणत. हात असे थंडगार की हातात हात देणारा दचकायचाच. लग्नाच्या केकवर लोण्याचे गुलाब त्याच हातांनी फुलायचे. क्रीमची पिशवी दाबून एकेक पाकळी सोडायच्या, आणि काय बिशाद पाकळी जागची हलेल! नवरा तिथेच भट्टीवर. "आमच्या संसारात तापायचं खातं माझ्याकडे," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

पन्नाशीत पाळी थांबली आणि खात्यांची अदलाबदल झाली. काम करताकरता छातीपासून कानांपर्यंत आग उसळायची, तळहाताच्या उबेनं क्रीम पातळ व्हायचं आणि गुलाबाचा कोबी व्हायचा.

मग ताईंनी काय करावं? नवऱ्याचा कोट चढवून पिशवीसकट कोल्डरूममध्ये मुक्काम ठोकला. आम्ही गल्लीतली रिकामटेकडी मंडळी खूश! कोणी म्हणे चोरून लोणी खातात, कोणी म्हणे नवऱ्याशी अबोला आहे. आत भलतंच चाललं होतं. थंडीनं क्रीम दगड झालं होतं आणि पाकळ्या तडकत होत्या.

मालकानं ते पाहिलं. "ताई, बास आता. माझ्या मुलीच्या लग्नाच्या केकला प्लास्टिकची फुलं मागवतो. लग्न झालं की तुम्ही काउंटरवर बसा."

ताई घरी येऊन रडल्या. नवऱ्यानं त्यांना दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"जाऊबाई म्हणतात, हार्मोन घेतले की कॅन्सर होतो," ताईंनी आधीच सांगून टाकलं.

"जाऊबाईंना तपासायचंय की तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला, स्तनांची तपासणी करून घेतली, रक्ताच्या गुठळ्या, कॅन्सर, यकृताचे आजार, सगळं खोदून विचारलं. "धोका शून्य नाही. पण तुमच्या बाबतीत फायदा जास्त दिसतो. हार्मोन नको असतील तर बिनहार्मोनच्या गोळ्याही आहेत. मात्र या आगीवर सगळ्यात जोरकस हार्मोनच. त्वचेवर हार्मोनची पट्टी लावायची आणि गर्भाशय आहे म्हणून त्याच्या अस्तराला जपायला सोबत दुसऱ्या हार्मोनची गोळी. ती चुकवायची नाही. मधेच रक्त दिसलं तर लगेच यायचं. आता ठरवा तुम्ही."

"पट्टी," ताई म्हणाल्या. नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

काही आठवड्यांत आग विझत आली. रात्रीची झोप परतली, तसा जिभेचा तिखटपणाही. लग्नाच्या आदल्या दिवशी ताई कोणाला न विचारता आपल्या जुन्या टेबलाशी उभ्या राहिल्या. मालक प्लास्टिकच्या फुलांचं खोकं घेऊन आला आणि दारातच थबकला. तीन मजली केक गुलाबांनी गच्च भरला होता. एकाही पाकळीनं मान टाकली नव्हती.

मालकानं खोकं हळूच टेबलाखाली सारलं.

"मालक, काउंटरवर मग कोणाला बसवायचं?" भट्टीवरून आवाज आला.

तेवढ्यात मालकीणबाई रुमालानं मान पुसत ताईंच्या कानाशी लागल्या. चेहरा लालबुंद. "ताई, त्या डॉक्टरीणबाई बसतात कुठे हो?"

"सांगते की," ताई सगळ्या बेकरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आधी तुमच्या यांना ती प्लास्टिकची बाग माझ्या पायातून उचलायला सांगा."

उचलली. मालकानं स्वतः वाकून उचलली.