उनचास

दादा, तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. असतास तर म्हणाला असतास, समोर बसून बोल की. ती सोय राहिली नाही. आणि शेवटी तुझी आकडेमोड गेली होती असं जो-तो सांगत सुटलाय, ते मला खपत नाही. म्हणून लिहिते.

एवढं लिहून भानुमती थांबली.

वैजनाथ तिचा थोरला भाऊ. मोजणी खात्यात त्याचा जन्म गेला. चितेगावपासून देवगाव रंगारीपर्यंत शेतांच्या हद्दी मोजल्या. वाकड्यातिकड्या तुकड्याचं क्षेत्रफळ बांधावर उभ्या उभ्या सांगायचा. आधी ओठ हलायचे, मग मराठीत आकडा यायचा. निवृत्तीनंतर त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, जीभ जड झाली. डॉक्टरांनी विचारलं, "काका, सात साते?"

"उंच."

पुन्हा विचारलं, पुन्हा उंच. कागदावर नोंद झाली: आकडे कळत नाहीत.

भानुमती भेटायला आली तेव्हा तो तीन उशांवर जवळजवळ बसलेलाच होता.

"कालिंदी, हा काय दरबार भरवलाय?" तिनं भावाच्या सुनेला विचारलं.

"आत्या, बाबाच उंच उंच म्हणतात. काल मी नऊ सक विचारलं, तर चव म्हणाले. मग भाजीत मीठ वाढवलं."

वैजनाथनं डोळे मिटून घेतले. अलीकडे तो जेवणही अर्धं टाकायचा. डोकं रिकामं झालं हे त्यानं स्वतःच मान्य केलं होतं, आणि भानुमतीला धास्ती होती ती त्याचीच.

तिनं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलेलं. कोणता ढीग मोठा, कोणता लहान, ही समज मेंदूत वेगळी. पाढा मात्र शब्दांचा, घोकून जिभेवर बसलेल्या चालीचा. हे तिनं वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, आणि सख्ख्या भावापुढं तिला काही सुचेना. उशी काढायला ती वाकली आणि पुटपुटली, "सात साते?" त्याचे ओठ अगदी कानाशी हलले. उंच. मग एक श्वास. चास.

उनचास. म्हणजे एकोणपन्नास. चव नव्हे, चव्वन; चोपन्न.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा दादाची उर्दू शाळेत सहा वर्षं झाली होती. ती त्याच्या मागून मराठीत शिकली. हा बाबा जन्मभर आत उर्दूत मोजायचा आणि बाहेर मराठीत सांगायचा. मोजणं शाबूत होतं. मराठीत यायची वाट तेवढी बंद पडली होती.

"दादा, बारा सत्ते?"

त्यानं डोळे उघडले. "चौ... रासी."

"तेरा छक्के?"

"अठत्तर." डावा हात हलवून त्यानं खूण केली, विचार अजून.

"म्हणजे मीठ उगीच वाढवलं," कालिंदी म्हणाली.

"असू दे. तुझी भाजी तशीही अळणीच असते."

त्या दुपारी तो पोटभर जेवला. भानुमती निघाली तसा त्यानं तिचा पदर धरला. "शहागंज... पहाडे." शहागंजच्या बाजारात मिळणारी उर्दू पाढ्यांची मुलांची पुस्तिका.

"तुला कशाला? पाठ आहेत की तुला."

त्यानं तिच्याकडं बोट केलं. "तुला."

लहानपणी त्याच्या घोकण्यातून कानावर पडलं होतं तेवढंच तिला येत होतं. तेवढ्यावर त्याच्याशी किती वेळ बोलणार?

"आणते रविवारी," ती म्हणाली. रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी ती शहागंजात गेली, चहापत्ती घेतली, ऊन फार म्हणून रिक्षानं परतली. तिसऱ्या रविवारआधी दादा गेला. तेराच्या पुढचे पहाडे भानुमतीला आजही येत नाहीत.