वर्तणूक: चांगली

टीव्हीवर एखाद्या खटल्याचा निकाल लागला आणि आरोपी थोडक्यात सुटला, की मी घर डोक्यावर घ्यायचे. "असल्या शिक्षेला कोण भीक घालणार?" म्हणत रिमोट सोफ्यावर आपटायचे. नवरा म्हणायचा, "न्यायाधीशच व्हायला हवी होतीस तू." तो चेष्टेनं म्हणायचा आणि मला ते मनापासून पटायचं.

मी झाले मुख्याध्यापिका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. त्यात 'चांगली' असंच लिहायचं, हा रिवाज. बाकं मोडणाऱ्याची चांगली, सरांच्या स्कूटरची हवा सोडणाऱ्याचीही चांगली. पोराचं पुढचं कशाला अडवा, आणि वाचतंय कोण! आमचा क्लार्क तो शब्द आधीच भरून ठेवायचा, मी खाली सही ठोकायचे. निवृत्त होईपर्यंत त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

निवृत्तीनंतर हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीची अध्यक्ष झाले. फाटकाबाहेर भिंतीला टेकून एक भाजीवाली बसायची. जवळच्याच गावातली, घरची थोडी शेती, सकाळी डोक्यावर पाटी घेऊन यायची. माठ, अंबाडी, पावसाळ्यात कर्टुली. मला 'बाई' म्हणायची आणि माझी जुडी इतरांपेक्षा जरा जाड बांधायची. एकदा भाजी देताना म्हणाली, "बाई, तिसऱ्या माळ्याची ती सफेद गाडी लय जोरात भायेर येते. फोन कानाला असतो त्याच्या. जरा सांगा ना त्याला."

तो तिसऱ्या मजल्यावरचा तरुण अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऑफिसर होता. "सांगते," म्हटलं मी. पुढच्या आठवड्यात वॉचमननंही तेच गाऱ्हाणं केलं. त्यालाही म्हटलं, सांगते. सांगितलं मात्र नाही. त्याची आई आणि मी रोज संध्याकाळी फिरायला जायचो. रोज जिच्याबरोबर चालायचं, तिच्या मुलाला बोलायची मला भीड पडली.

महिन्याभरात ती गाडी भाजीवालीच्या हातावरून गेली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं. जुड्या नीट लावायला तिनं हात पुढे केला होता, तोही भिंतीपासून जेमतेम वीतभर. उजवं मनगट चेचलं. पुढे हाड जुळलं, पण वाकडं. पाटी उचलून डोक्यावर घेणं तिचं कायमचं सुटलं.

मुलाच्या घरच्यांनी आपसात मिटवायचा निरोप पाठवला. ती मला विचारायला आली. मी तिला सोफ्यावर बसवून चहा दिला आणि एक भाषणही दिलं. मिटवायचं नाही, पोलिसांत जायचं, आपला कोर्टावर विश्वास पाहिजे, तुमच्यासारख्यांनी मागे हटायचं म्हटलं तर कसं होणार, वगैरे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मला काय बी नको बाई. मी रस्त्यात बसली व्हती, असं सांगत सुटलाय तो. माजी चूक नव्हती, येवडं कोर्टानं बोललं म्हंजे झालं."

"बोलेल ना," मी म्हटलं. मी साक्षीदार म्हणून जबाबही दिला. दोन दिवस माझंच मला फार कौतुक वाटत होतं.

पुढे तारखा पडत गेल्या. मुलाच्या आईबरोबरचं फिरणं बंद झालं होतं. एका दुपारी तीच घरी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, मुलगा गुन्हा कबूल करणार आहे, वकिलांनी सोसायटीचं एक पत्र मागितलंय, नोकरी गेली तर आम्ही कुठे जायचं? मी लेटरहेड काढलं. 'यांची वर्तणूक चांगली आहे,' हे वाक्य हातातून आपोआप उतरलं. पण पत्र फारच आखूड दिसत होतं. म्हणून मी आणखी एक वाक्य घातलं: 'यापूर्वी यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार आलेली नाही.' ते तिनं मागितलं नव्हतं. खाली सही केली, शिक्का मारला. वाचतंय कोण!

शेवटच्या तारखेला मी आणि भाजीवाली एकाच रिक्षानं उल्हासनगरला गेलो. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पत्राचं मी तिला सांगितलं नव्हतं. वाटेत अंबरनाथ येईपर्यंत सांगू, मग कोर्टाच्या दारात सांगू, असं करत राहिले आणि पुकारा झाला.

मुलानं "गुन्हा कबूल आहे" म्हटलं. भाजीवालीनं माझा हात दाबला, डाव्या हातानं. कबुली आली म्हणजे साक्षीची गरज उरली नाही. वकिलांनी पत्र पुढे केलं. न्यायाधीशांनी ते खरंच वाचलं. मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, "पत्र देणाऱ्या अध्यक्ष आल्या आहेत का?"

मी उभी राहिले.

"हे तुम्ही लिहिलंय? यातला मजकूर बरोबर आहे?"

माझ्या हातावरचा हात निघालेला मला कळला. ती मान वर करून माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. मी आता काहीतरी बोलणार, याची ती वाट बघत होती. 'तक्रार आली होती, ही बाईच घेऊन आली होती,' एवढंच म्हणायचं होतं. सगळ्या शाळेला दरडावणारी मी, पण सही आपली, शिक्का आपला, आता खोटी कशी ठरू, एवढंच डोक्यात आलं.

"हो, बरोबर आहे," मी म्हटलं.

पहिलाच गुन्हा, कबुली दिलेली, वागणूक चांगली. थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायची शिक्षा. न्यायाधीशांनी समोर आलेल्या कागदावरून निकाल दिला. कागद माझा होता.

तो मागच्या बाकावर बसला. भाजीवालीही जागची हलली नाही, म्हणून मीही बसले. दुसरी प्रकरणं पुकारली जात होती. जेवणाच्या सुट्टीतही ती बाहेर गेली नाही. संध्याकाळी कोर्ट उठलं, सगळे उभे राहिले. मुलगा माझ्या पाया पडला, "थँक यू काकू," म्हणाला आणि निघून गेला.

ती दाराकडे बघत राहिली. "बाई, त्याला कुटं न्हेनार आता?"

"कुठे नाही. झाली शिक्षा."

"कवा?"

"आत्ता बसला होता ना इतका वेळ, तीच."

तिनं बाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी सांगितलं व्हतं ना, बाई, तुमाला? गाडीचं?"

"हो," मी म्हटलं. "सांगितलं होतंस." न्यायाधीश उठून गेल्या होत्या. शिपाई पंखे बंद करत होता.

रिक्षानंच परत आलो. उतरताना मीच म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." मला कोर्ट उठेपर्यंतही बसवलं नाही तिनं.

आता ती आमच्या फाटकाशी बसत नाही. पलीकडच्या वळणावर बसते, सून पाटी आणून देते. गेल्या महिन्यात तिच्या शेजारच्या फुलवालीच्या पायावर टेम्पो चढला. मी तिथूनच जात होते. फुलवाली रडत विचारत होती, पोलिसांत जाऊ का, कोर्टात न्याय मिळेल का? भाजीवालीनं मला पाहिलं. थोडं थांबली, मी काही बोलते का म्हणून.

मी काही बोलले नाही.

"नको जाऊस," ती फुलवालीला म्हणाली. "आपसात मिटव."