पुढच्या काचेचं रबर

रबराला जीव असतो असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नोकरीची पहिली पाच वर्षं मी त्याच्याच घरी राहिले. ते माझ्या मावशीचे यजमान. मी नागपूरहून दिल्लीला आले तेव्हा काका फरीदाबादच्या एका कारखान्यात रबराचे केमिस्ट होते. मोटारीच्या काचांभोवती आणि दारांच्या कडांना जे काळं रबर असतं, त्याचं मिश्रण ठरवणं हे त्यांचं काम. पण ते कारखान्यापुरतं राहिलं नव्हतं. कुणाकडं जेवायला गेले की घरच्या बाई पाणी आणेपर्यंत काका स्वयंपाकघराच्या दारात उभे, आणि त्यांचा अंगठा फ्रिजच्या दारावर. "वहिनी, ओल्या फडक्यानं पुसत जा याला. सुकत चाललंय बिचारं." फरीदाबादच्या आमच्या सेक्टरातल्या बायका कुकरच्या रिंगा घेऊन त्यांच्याकडं येत. काका रिंग दोन्ही हातांनी कानाजवळ ताणत, डोळे मिटत, आणि मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरच्या गांभीर्यानं सांगत, "अजून सहा महिने काढेल," किंवा, "नहीं बहनजी, अब इसको आराम दीजिए." बाई खरोखरच थोडी उदास होऊन परत जायची.

त्यांचा खरा जीव मात्र त्यांच्या फिकट निळ्या जुन्या फियाटमध्ये होता, आणि फियाटमध्येही इंजिनात नव्हता, रबरात होता. इंजिन बिघडलं तर ते मेकॅनिकच्या हवाली करून शांतपणे पेपर वाचत बसत. पण त्याच मेकॅनिकचा तेलकट हात दाराच्या रबराला लागला की त्यांचा चेहरा पडे. "पेट्रोल, रॉकेल, ग्रीस, सगळं विष आहे त्याला," असं ते मला इतक्यांदा म्हणाले की माझ्याही हाताला तेल लागलं की मी गाडीपासून दूर राहू लागले. दर रविवारी सकाळी ते सुती फडकं आणि ग्लिसरीनची बाटली घेऊन बसत, आणि चारी दारांच्या कडा एखाद्या आजाऱ्याचे ओठ पुसावेत तशा पुसत. मावशीचा पावडरचा डबा महिन्याच्या मध्यालाच संपायचा. तो कुठं गेला हे ती कधी विचारत नसे. ती दोन डबे आणायची. उन्हाशी तर काकांचं उघड वैर होतं. एकदा दिल्लीतल्या महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहात आम्ही पुरणपोळी खायला गेलो, तर जेवता जेवता ते दोनदा उठले. बाहेर कडुलिंबाची सावली सरकली होती, तशी त्यांना गाडी सरकवायची होती. पोळी गार झाली. "सावली फिरते तसे हे फिरतात," एवढंच मावशी म्हणाली आणि त्यांच्या पोळीवर पुन्हा तूप वाढलं.

ती वर्षं नव्या गाड्यांची होती. आमच्या गल्लीत दर दोन-चार महिन्यांनी एक चकचकीत छोटी गाडी यायची, नारळ फुटायचा, पेढे यायचे. काकांच्या कारखान्यालाही परदेशी भागीदार मिळाला, नव्या गाड्यांच्या भागांची कामं आली आणि जुन्या गाड्यांचे लोखंडी साचे भंगारात काढायचं ठरलं. काका भांडले नाहीत. साहेबांकडं त्यांनी फक्त एवढंच मागितलं की साचे मोडण्याआधी फियाटच्या रबरांचा एक शेवटचा संच मला काढू द्या. मिश्रण त्यांनी स्वतः केलं. तो संच पावडर लावून, काळ्या कापडात गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत घालून आतल्या खोलीत दिवाणाखाली ठेवला गेला, आणि पुढच्याच महिन्यात काकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. "आता गाडीवरचं रबर थकलं की हे लावायचं," ते मला म्हणाले. "मग ती माझ्यामागंही राहील." त्या खोलीचा पडदा तेव्हापासून कुणी सरकवला नाही.

दोन वर्षांनी, पाऊस तोंडावर आला असताना, एका दुपारी एक वयस्कर गृहस्थ पत्ता विचारत आमच्या दारात आले. गाझियाबादच्या एका शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांच्याकडंही अशीच फियाट होती. पुढच्या काचेच्या रबरासाठी त्यांनी दिल्लीतली सगळी दुकानं पालथी घातली होती, आणि शेवटी एका दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं की फरीदाबादला एक मराठी साहेब आहेत, असलं तर त्यांच्याचकडं असेल.

"मेरी पत्नी का डायलिसिस चलता है," मास्तर म्हणाले. "हफ्ते में दो बार ले जाता हूँ. बारिश में पानी सीधा उन पर टपकता है. पिछले साल छाता खोलकर बैठती थीं गाड़ी के अंदर."

काकांनी आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "एक ही सेट है, मास्टरजी. वो मैं नहीं दे पाऊँगा."

मास्तरांनी मान हलवली. मावशीनं दिलेलं सरबत त्यांनी सावकाश संपवलं, पेला स्वतः आत नेऊन ठेवला, हात जोडले आणि ते गेले.

रात्री जेवताना मावशी भात वाढता वाढता म्हणाली, "त्या बाईंच्या अंगावर पाणी गळत असेल."

"आपलं रबरही आता फार दिवस टिकायचं नाही. आपलीही गाडी गळेल."

"गळू दे. मी काही आजारी नाही."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी मी उठले तर काकांनी दिवाणाखालची पेटी ओढून काढली होती. पुढच्या काचेचं रबर त्यांच्या मांडीवर होतं आणि काका ते इंच इंच दाबून, वाकवून बघत होते.

"कसं आहे?" मी विचारलं.

"उत्तम आहे. कालच साच्यातून काढल्यासारखं." त्यांचा आवाज मात्र पडलेला होता. जरा वेळानं म्हणाले, "बिघडलेलं निघालं असतं तर बरं झालं असतं गं."

नाश्ता न करताच ते निघाले. मीही बरोबर गेले. सगळी दिल्ली ओलांडून, यमुनेच्या पुलावरून आम्ही गाझियाबादला पोचलो. मास्तरांनी दार उघडलं आणि काकांच्या हातातली काळ्या कापडाची गुंडाळी बघून ते बाजूला झाले. काकांनी आधी रबर कोमट पाण्यात भिजत घातलं. मग मास्तरांच्या गाडीची काच उतरवली, जुन्या रबराचे वाळलेले तुकडे एकेक करून वेचले, नवं रबर काचेभोवती बसवलं आणि त्याच्या खाचेत सगळीकडून दोरी घातली. मी आणि मास्तरांनी बाहेरून काच दाबून धरायची, आणि काकांनी आतून ती दोरी हळूहळू ओढत रबराची कड पत्र्यावर चढवायची. तीन वेळा कोपऱ्याशी ते निसटलं. काकांची बोटं सोलवटली. चौथ्यांदा ते बसलं.

मास्तरांच्या पत्नी हे सगळं व्हरांड्यातल्या खुर्चीतून बघत होत्या. हातावर सुयांचे निळे डाग, अंगावर उन्हाळ्यातही शाल. काका बादली घेऊन आले तशा त्या उठल्या, चालत गाडीपर्यंत आल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "अब डालिए," म्हणाल्या. काकांनी आधी एक बादली काचेवर ओतली, मग दुसरी. पाणी काचेवरून वाहून गेलं. बाईंनी काचेखालची कड हातानं चाचपली, मग आपली मांडी, आणि कोरडा तळहात काचेतून काकांना दाखवला.

"अब बरसने दीजिए," त्या म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली आणि बादली नळाखाली ठेवायला गेले. ते तिथं बरेच रेंगाळले.

त्या घरी ते पुन्हा कधी गेले नाहीत. पत्र नाही, फोन नाही. मास्तरांनी दोनदा निरोप पाठवला तेव्हा "हो, जाऊ एकदा" म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात आमच्या फियाटच्याही पुढच्या काचेचं रबर फाटलं, त्यांनी म्हटल्याप्रमाणेच. गाडी विकायचा विषय कुणी काढला नाही.

दिल्ली सोडण्याआधी मी त्या दोघांबरोबर फियाटमधून शेवटची गेले तेव्हा बदरपूरच्या पुढं पावसानं गाठलं. पाणी काचेच्या वरच्या कोपऱ्यातून बरोबर मावशीच्या मांडीवर पडू लागलं. तिनं पिशवीतून टॉवेल काढला, घडी करून मांडीवर घेतला आणि बाहेर बघत राहिली. वायपर कुरकुरत होते. काकांनी गाडी अगदी हळू घेतली.

"गाझियाबादलाही पडत असेल का गं?" त्यांनी विचारलं.

"पडत असेल," मावशी म्हणाली, आणि टॉवेलची ओली बाजू उलटी केली.