अण्णांच्या पोटाचा पट्टा

आमच्या अण्णांचं पोट सरकारी कचेरीसारखं आहे. आत गेलेली गोष्ट पुढे सरकत नाही.

हे मी टिंगल म्हणून सांगत नाही, बीडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलेलं आहे. (कचेरीचा दाखला तेवढा माझा.) शुगर वर्षानुवर्षं अंगात मुक्काम करून राहिली की पोट हलवणाऱ्या नसा आळसावतात. सकाळी खाल्लेली भाकरी संध्याकाळी आहे तिथेच! दोन घासात पोट टम्म, मग मळमळ, मग उलटी. इन्सुलिन मात्र वेळेचं पक्कं. ते रक्तातली साखर खाली ओढायला निघतं, जेवणातली साखर पोटातच बसून राहते, आणि मधल्या मधे अण्णांना घाम फुटून ते भलतंच बोलायला लागतात. वजन तर इतकं उतरलं की पायजमा अंगावर आहे की दोरीवर वाळत घातलाय तेच कळेना.

"आणखी घटलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा विहिरीतला साप हाताने बाहेर काढणारा माझा बाप माझं मनगट धरून बसला. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "सुदाम, काय बी कर, पण नळी नगं."

मी तेव्हा मोरबीहून रजा काढून आलो होतो. आठवीत शाळेला रामराम ठोकल्यापासून मी तिकडे गुजरातेत फरशीच्या कारखान्यात आहे. "बाप बरा होईल तेव्हा ये, जागा तुझीच," असं शेठ म्हणाले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. डॉक्टरीणबाईंचेही नाही. त्यांनी मोबाइलएवढी एक डबी काढली, वर करंट कमीजास्त करायचं फिरतं बटण आणि त्याचा आकडा. डबीला वायरी, वायरींच्या टोकांना चिकटणारे पॅड. दोन पॅड मनगटाच्या आतल्या अंगाला, दोन गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरून. चिनी लोक सुया टोचतात त्याच जागा, पण इथे सुई नाही, नुसता बारीक करंट.

"सुया न्हाईत ना?" अण्णांनी तीनदा विचारलं.

"नाहीत हो काका. मुंग्या आल्यासारखं वाटेल, बस." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुंग्या आल्या की थांबायचं. त्याच्या वर न्यायचं नाही. आणि ही जादू नाही हं. काही जणांना उतार पडतो. खाणं थोडं, मऊ, पुन्हा पुन्हा, हे पहिलं. यंत्र फक्त मदतीला."

मी मान डोलावली. आमच्या खानदानात मान डोलावण्याचा आणि डोक्यात काही जाण्याचा संबंध कधीच आलेला नाही.

गावी आलो. (वडवणीपासून थोडं आत आहे आमचं गाव.) रोज पॅड लावायचे, अर्धी वाटी मऊ मुगाची खिचडी द्यायची. चार-सहा दिवसांत अण्णांनी एक दणदणीत ढेकर दिला. आईने देवापुढे दिवा लावला! खिचडी पोटात राहू लागली. मग काय, सुदाम डॉक्टर झाला! शेजारीपाजारी डबी बघायला येऊ लागले आणि मी छाती पुढे काढून सांगू लागलो, "आमच्या कारखान्यात पट्टा असतो. बटण दाबलं की फरश्या पुढं, पुढं, पुढं. तसंच हे. बटण दाबायचं, पोटातला माल पुढं!"

हेच ज्ञान मी फोनवर उत्तममामालाही पाजलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, राहणार घाटनांदूर.

"म्हंजे सुद्या, पट्टा चालू असला की कितीबी माल टाकला तरी चालतंय?"

"पट्ट्याचं कामच ते, मामा."

"तू तर मोठमोठे पट्टे चालवतोस. तुला कळणारच."

मी "हं" म्हणालो. त्या एका "हं"वर पुढचा सगळा तमाशा उभा राहिला.

त्या वर्षी अधिक महिना आला होता. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ही आपली पद्धत. जावई म्हणजे विष्णू, असं मानतात. (विष्णूला शुगर नव्हती, हे कोणी लक्षात घेत नाही.) अण्णांना त्या घरचे जावई होऊन चाळीस वर्षं उलटली, सासू-सासरे वर गेले, डोक्यावरचे केस गेले, दाढा गेल्या, जावईपण काही जाईना! मामाचा फोन आलाच.

"दाजीला घिऊन या. न्हाई म्हणायचं न्हाई."

"उत्तमराव, मला अर्धी वाटी खिचडी जाती ओ," अण्णा काकुळतीला आले.

"मशीन हाय की! सुद्या बोलला मला."

आईने पदर डोळ्याला लावला. "माझ्या माह्यारचं वाण परत लावताव व्हय? भाऊ काय म्हणंल?" आता हीच बाई आठवडाभर खिचडीचं एकेक शीत मोजून वाढत होती! पण माहेरचा विषय निघाला की आमच्याकडे वैद्यकशास्त्र बाहेर ओसरीवर बसतं.

"जाऊ," मी म्हणालो. "मशीन लावूनच जाऊ."

गावातल्या शकूरभाईंच्या जीपमधून निघालो. शकूरभाईंचा फळांचा गाडा आहे, जीप ते फक्त ओळखीच्यांसाठी काढतात. धारूरच्या घाटात त्यांनी आरशातून अण्णांकडे पाहिलं. "सुदाम, अण्णा इतके वाळलेत अन् तू त्यांना जेवायला नेतोस, का कुस्तीला?"

"पट्टा हाय, शकूरभाई."

"मला तर वायरच दिसती बाबा," असं म्हणून त्यांनी वळणावर हॉर्न दाबला.

मामाच्या दारात अण्णांचे पाय धुतले, ओवाळलं, पाटावर बसवलं. त्या दिवशी धोतर असल्यामुळे गुडघ्याखालचे पॅड झाकले गेले, मनगटावर सदऱ्याची बाही, डबी माझ्या हातात. मी अण्णांच्या मागे असा बसलो होतो, जसा आचारी गॅसच्या बटणापाशी बसतो. ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, कटाची आमटी, भजी, कुरडया, आणि बाजूला पितळी ताटात वाणाचे अनारसे. अण्णांनी ताट पाहिलं आणि इन्सुलिन घेताना आपल्या मनानेच थोडं जादा ओढलं. "एवढं खायचंय तर एवढं लागंलच की," म्हणाले. मी पाहिलं. मी मान डोलावली.

एक धोंडा कसाबसा गेला. अण्णा म्हणाले, "बास."

मामाने मामीकडे पाहिलं, मामीने माझ्याकडे. "सुदाम, पट्टा चालू हाय न्हवं?"

"हाय मामी."

"मंग जरा फास कर की."

मी आकडा वाढवला. दुसरा धोंडा ताटात पडला.

"दाजी, एक घास अक्काच्या नावानं!" मामा म्हणाला. अक्का म्हणजे माझी आई, ती पदराआडून खुणावत होती, "घ्या, घ्या." मी आकडा वाढवला.

"एक घास आमच्या आबाच्या नावानं! वरून बघत्यात ते!" आता मेलेल्या सासऱ्याला कोण नाही म्हणणार? आकडा वाढवला.

अण्णांनी ताटावर हात आडवा धरला. आता काही वाढू नका, हे सांगायची सगळ्या महाराष्ट्रात हीच एक खूण आहे. पण मनगटात करंट शिरला होता. हाताची बोटं आपोआप आत वळू लागली. वळायची, उघडायची, वळायची, उघडायची. जणू माणूस बोलावतोय, "आण, आण, आण!"

"अगं बाई, बघा की, दाजी मागायलेत!" मामी हरखली. तिने दोन धोंडे वाढले आणि तूप ओतलं.

"न्हाई, न्हाई!" अण्णा ओरडले. हात म्हणत होता, आण, आण!

"तोंडानं लाजत्यात," मामा म्हणाला, "पर हात खरं बोलतो."

तेवढ्यात गुडघ्याखालचा करंटही रंगात आला. अण्णांचा पाय मांडीतून सुटला, पंजा वर-खाली, वर-खाली, ठेक्यात!

"वा! दाजीनं ताल धरलाय!" मामाने टाळ्याच वाजवायला घेतल्या. चाळीस वर्षांत हा जावई या घरात पहिल्यांदा खुललेला त्याला दिसत होता! आईच्या डोळ्यांत पाणी. आणि मी, आठवी शिकलेला विद्वान, माझं यंत्र किती नामी चाललंय म्हणून गालातल्या गालात हसत होतो. (त्या हसण्याला आज माझ्याकडे एकच शब्द आहे, पण तो छापता येणार नाही.)

अण्णांच्या शेजारी शकूरभाई जेवायला बसले होते. त्यांचा घास हातात थांबला. "सुदाम, ह्यांचा सदरा ओला कावून झालाय?"

"तूप सांडलं असंल."

"पाठीवर?"

तोवर अण्णांनी मान वर केली. डोळे काचेसारखे. मामीकडे बघून ते अतिशय गोड आवाजात म्हणाले, "सासूबाई, ह्या घरचं पुरण चाळीस वर्षं करपट लागतंय."

मामी सासूबाई नव्हती आणि पुरण तिनेच केलं होतं.

"आन् उत्तमराव," अण्णा पुढे म्हणाले, "तुमी लग्नात दिलेलं घड्याळ पयल्याच दिवशी बंद पडलं. मी लाजंकाजं हातात घालून हिंडलो."

आईने पदर तोंडात कोंबला. "सुदाम! साखर उतरली रं! ह्यांची साखर उतरली!"

तिचं खरं होतं. पोट जागचं हललं नव्हतं. जादा ओढलेलं इन्सुलिन एकटंच कामाला लागलं होतं. ज्या घरात पुरण, गूळ, अनारसे यांच्या राशी लागल्या होत्या, त्या घरात, भरल्या ताटावर, जावई साखरेवाचून चालला होता! मामाने घाबरून आणखी एक धोंडा पुढे केला. "ह्यात लई गूळ हाय, चारा, चारा!"

"पोटात जागाच न्हाई, मामा!" मी किंचाळलो, आणि घाईत डबी बंद करायच्या ऐवजी बटण उलटं फिरवून करंट आणखी वर नेला.

अण्णांचा पाय सुटला तो थेट अनारशांच्या ताटाला लागला. ताट खणखणलं. अण्णा त्या ताटावर वाकले, आणि पट्टा उलटा फिरला. आईच्या नावाचा घास, आबांच्या नावाचा घास, सगळे एकामागून एक माहेरी परतले.

शकूरभाईंनी माझ्या हातातून वायरच उपटली. आईने पिठीसाखर ओल्या बोटाने अण्णांच्या गालाच्या आत चोळायला घेतली, हे तिला डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं. (मलाही दाखवलं होतं.) जीप अंबाजोगाईच्या रस्त्याने अशी सुटली की शकूरभाईंनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मागच्या सीटवर अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर. मी मोरबीला असताना फोन वाजला की दर वेळी मला ज्या बातमीची भीती वाटायची, ती आता माझ्याच मांडीवर होती, आणि फोन लावून विचारावं असं दुसरं कोणी नव्हतं. "अण्णा, बोला की. काय बी बोला."

बऱ्याच वेळाने अण्णा पुटपुटले, "घड्याळाचं... मी बोललो का काय?"

मी रडत रडत हसलो. दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लागली आणि तासाभरात अण्णा उठून बसले. मामा कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा होता. "दाजी, पुरण खरंच करपतंय का ओ?"

"थोडं," अण्णा म्हणाले. आता साखर ठीक होती, तरीसुद्धा म्हणाले.

बीडला डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आकडा कोणी वाढवला?"

मी मान खाली घातली.

"हे यंत्र पोटाला आठवण करून देतं. तुम्ही पोटाला धाक घालत होतात."

त्यांनी पुन्हा सगळं समजावलं, या वेळी आईला. तेव्हापासून डबी आईच्या ताब्यात आहे. मुंग्या आल्या की ती थांबते. आणि खरा गुण आला तो तिसऱ्याच गोष्टीने. घाटनांदूरची बातमी दोन्हीकडच्या पाहुण्यांत पसरली, आणि तालुक्यात अण्णांना आग्रह करायची कोणाची छाती होईना! लग्नात, बारशात, सगळे त्यांच्यापुढे वाटीभर मऊ भात ठेवून चार हात लांब बसतात. थोडं, मऊ, पुन्हा पुन्हा. पुढच्या तपासणीत वजन घटलं नव्हतं, उलट चिमूटभर वाढलं होतं. नळीचं नाव निघालं नाही. बाहेर आल्यावर अण्णांनी पायजम्याची, पूर्वीपेक्षा सैल बांधलेली नाडी मला दाखवली, जशी पोरं प्रगतिपुस्तक दाखवतात.

मी मोरबीला परतलो. शेठनी जागा खरंच ठेवली होती. मामाचा फोन येतो, तो अजूनही म्हणतो, "तू येवढाले पट्टे चालवतोस, मग तुझ्या हातून आसं कसं झालं रं?"

आता काय सांगू त्याला? मी खोक्यांवर लेबल चिकटवतो. इतक्या वर्षांत सुपरवायझरने मला पट्ट्याच्या बटणाजवळ एकदाही फिरकू दिलेलं नाही. आधी मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, अख्ख्या खानदानात मला नीट ओळखणारा माणूस तोच, आणि तोही परका!