तात्यांच्या सत्काराचं भाषण

हसायचं तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. आयुष्यात एकदाच माईक धरला, आणि काय बोलून बसले म्हणता!

तात्या म्हणजे आमचे आमदार. पंचवीस वर्षं सलग निवडून येतायत. गावात त्यांचा सत्कार ठरला आणि बचत गटातर्फे बोलायचं माझ्या गळ्यात पडलं. पलूसच्या कॉलेजसाठी सकाळची एसटी मागायची होती. गाडी नाही म्हणून तीन मुली घरी बसलेल्या, त्यातली एक माझी धाकटी. चुकून चालणार नव्हतं.

पण मी भाषणं ऐकलेली कुठं? रक्षाविसर्जनाला! आमच्याकडं माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी नदीकाठी माईक लागतो, एकेक जण उठून बोलतो. तात्या स्वतः एकही चुकवत नाहीत.

माईक हातात आला नि लिहून आणलेलं सगळं विसरले. तोंडातून आपोआप सुरू झालं, "तात्या फार मोठ्या मनाचे होते. त्यांच्या जाण्यानं झालेली पोकळी कधीच भरून निघणार नाही."

सगळा मांडव माझ्याकडं टक लावून बघायला लागला. मला वाटलं, भाषण रंगलंय. आणखी जोर चढला. तात्यांचं राहिलेलं काम म्हणजे सकाळची एसटी, ती सुरू झाली तरच त्यांच्या आत्म्याला शांती मिळेल, असं ठणकावून सांगितलं आणि सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं.

लोक उभे राहिले हो! सवयच ती. फेटा बांधलेले तात्यासुद्धा हात जोडून, मान खाली घालून उभे.

सरपंचबाईंनी माझा पदर ओढला. "अगं, खाली बस. जित्तं हायत ते."

म्हटलं, गेली गाडी, आता पोरगी घरातच! तेवढ्यात तात्यांनी माईक घेतला.

"ताई, आपल्या माघारी लोक काय बोलत्याल, ह्याची लय काळजी हुती. आज कानानं ऐकलं. आता आत्मा भटकत ठेवत न्हाई. आगारात आत्ताच फोन लावतो."

सोमवारी गाडी दारात! तिन्ही मुली चढल्या, मागून मीही ऐटीत चढले. शेजारच्या सीटवरचे आजोबा मला निरखून बघत होते. म्हटलं, गाडी आणणारी बाई म्हणून ओळखलं वाटतं.

"तात्यांच्या सत्काराला बोललेल्या बाई तुमीच न्हवं?"

मी पदर सावरत मान हलवली.

"लय झ्याक बोललासा. आमचं थोरलं बंधू लय थकल्यात. तुमचा नंबर तेवढा देऊन ठेवा."