मामांच्या सर्व्हरची रोजची तपासणी

डॉक्टर म्हणाले, "गेले."

माझ्या मनात पहिला शब्द आला, "कशावरून?"

हा शब्द माझा नाही. माझ्या मामांचा आहे. त्यांना जाऊन आज वर्ष झालं, तरी तो मला चिकटलेलाच आहे.

मामा अकोल्याला जठारपेठेत राहायचे. मूलबाळ नाही. मामी आधीच गेलेल्या.
आणि विश्वास कोणावरच नाही. दूधवाल्यावर नाही, लाइटच्या मीटरवर नाही, माझ्यावर तर मुळीच नाही.

मी दार वाजवलं की आतून आवाज, "कोन?"
"मामा, मी. भाची."
"कोन्ती?"

मी त्यांची एकुलती एक भाची आहे.

एक दिवस त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला, ऑनलाइन स्टोरेज भरत आलंय. मामांनी मला अमरावतीहून बोलावून घेतलं. मी कॉम्प्युटरचं काम करते, म्हणजे यात माझाही हात असणार, असा त्यांचा चेहरा.

"धमकी देऊन राह्यले ते."
"धमकी नाई मामा. फुकटची जागा भरली. आता पैसे भरले की वाढवून देतील."
"मंग आधी फुकट कावून देल्ली? आपलं सामान त्याइच्या घरात, अन चावी बी त्याइच्याच खिशात!"

खरं सांगू? मामांचं बरोबर होतं.

त्या सामानात मामी होत्या.

मामी भुलाबाईची, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याची, गाणी म्हणायच्या. भुलाबाई बसली की गल्लीतल्या पोरी त्यांच्याच घरी जमायच्या. शेवटच्या वर्षी मामांनी ती सगळी गाणी मोबाइलवर रेकॉर्ड केली. मामींचा आवाज तेवढाच उरला होता, आणि तो दुसरीकडे कुठेच नव्हता.

म्हणून मी म्हटलं, मामा, घरीच सर्व्हर करू, फायली सांभाळणारा आपलाच कॉम्प्युटर. आपलं सामान आपल्याच घरात.

बजेट पेन्शनीतलं. मदरबोर्ड माझ्या जुन्या कॉम्प्युटरचा. एक ऑफिस बंद पडलं होतं, तिथून भंगाराच्या भावात रॅकमाउंट केस मिळाली. लांबलचक लोखंडी पेटी, पलंगाखाली सरकवली तर पाय लागून नख जाईल अशी.

डिस्क मात्र नव्या घेतल्या. दोन, दोन्हींवर तेच सामान, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे.

"अन दोन्ही संगंच मेल्या तं?"
"असं होत नाई मामा."
"कशावरून? एकाच दुकानातून घेऊच नको. एक अकोल्यातून घे, एक अमरावतीतून."

यावर मी वाद घातला आणि हरले.

पेटी बसवायला रॅक हवी. नवी परवडेना. जुन्या शहरात एका साउंडवाल्याकडे अॅम्प्लिफायरची रॅक पडून होती, चाकांची, रुंदी अगदी तीच. मामांनी ती आधी आतून टॉर्च मारून बघितली, मगच घरी आणू दिली.

शेजारच्या काकूंनी मला फाटकातच गाठलं. "काय वं, तुह्या मामानं डीजे काढला का?"

मामा आत आल्यावर कुजबुजले, "तिले कसं समजलं? नजर हाय तिची."
"मामा, भर दुपारी दोघांनी उचलून रस्त्यानं आणली!"

सर्व्हर सुरू झाला. मी त्याला स्वतःच सगळ्या फायली तपासायला लावलं. तपासून झालं की मेल येतो. चुका शून्य.

मामांना मेल दाखवला.

"हे मशीन म्हनते. मी कुठी ऐकलं?"

आणि मग रोज दुपारी जेवण झालं की मामा रॅकसमोर खुर्ची टाकून, हेडफोन लावून बसायचे. एक गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये फोन केला तर, "तपासनी चालू हाय, मंग कर."

नंतर केला की रिपोर्ट मिळायचा. "आजच्यापुरतं बरोबर हाय. उद्याचं सांगता येत नाई."

एकदा मी तिथेच होते. स्क्रीनवर गाण्याचं नाव वाचून म्हटलं, "मामा, हे गाणं तर काल तपासलं होतं."
"कालचं काल. रातच्यातून काई झालं असन तं?"

मामांनी डोळे पुसले आणि मशीनच्या पंख्यावर धुळीचा आळ घेतला. पंखा मी सकाळीच साफ केला होता.

त्यांना मामींची फार फार आठवण यायची. तसं म्हणणं त्यांना जमायचं नाही. तपासणी जमायची.

मामा गेल्यावर घर रिकामं करताना नातेवाईक म्हणाले, हे धूड भंगारात द्या. मी टेम्पो केला आणि रॅकसकट सगळं अमरावतीला आणलं.

चालू केलं तर एक डिस्क उठेचना. अकोल्याच्या दुकानातली.
केबल काढून पुन्हा लावली, तरी नाहीच.
अमरावतीची डिस्क उठली. सगळं शाबूत होतं. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

मेलेल्या डिस्कच्या जागी नवी टाकली. तिसऱ्याच गावातून आणून.

आज सकाळी नेहमीसारखा मेल आला. चुका शून्य.

माझा विश्वास बसला नाही.

खुर्ची टाकली. हेडफोन लावले. ही रेकॉर्ड केलेली गाणी मी आजवर कधी ऐकलीच नव्हती, मामा कोणाला ऐकूच द्यायचे नाहीत.

मामी गात होत्या. दुसऱ्या कडव्यात मध्येच मामांचा आवाज, अगदी माझ्या कानाशी.

"थांब वं. रेकॉर्ड होऊन राह्यलं का खरंच?"

मामी हसल्या. "हो न बाप्पा! होऊन राह्यलं. आता गाऊ द्यान मले."

"कशावरून?"

आणि मामी हसत हसत पुन्हा पहिल्यापासून गायला लागल्या.

मामा, होऊन राह्यलं होतं.
मामींचं बी, तुमचं बी.
मशीन म्हणते म्हणून नाही, मी स्वतः ऐकलं.

आजच्यापुरतं बरोबर हाय. उद्या दुपारी पुन्हा बसते.

तुम्ही आता निवांत राहा, मामा. नमस्कार करते.