परमिट घ्यावं का, ताई?

"जय भीम, ताई. ओहायोत पिस्तुलाचं परमिट ऑप्शनल आहे ना? मग ते घेण्यात काही अर्थ आहे का?"

क्लास सुरू व्हायला थोडा वेळ होता. मी टार्गेटचे कागद लावत होते आणि प्रशांत माझ्यासमोर येरझारा घालत होता.

मी ओहायोतल्या डब्लिनला राहते. आठवडाभर इन्शुरन्स कंपनीत नोकरी आणि शनिवारी कन्सील्ड कॅरीचा, म्हणजे कपड्यांखाली पिस्तूल बाळगण्याचा क्लास. नागपूरची बाई हे शिकवते याचं आपल्या लोकांना फार नवल. मला त्या नवलाचा आता कंटाळा आलाय. प्रशांतची ओळख इथल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमातली. हुशार आणि काळजीखोर.

"अर्थ आहे," मी म्हटलं. "ओहायोबाहेर काही राज्यं आपलं परमिट मानतात, काही नाही मानत. आणि क्लासला बसलं की निदान कायदा कळतो. पण तुला कशाला हवंय?"

"शीतल संध्याकाळी लॅबमधून एकटी येते. परवा एक माणूस पार्किंग लॉटपासून थेट आमच्या दारापर्यंत तिच्या मागे आला. माझी बायको आता घरातसुद्धा घाबरते, ताई."

मी हातातले कागद खाली ठेवले. शूटिंग रेंजवर नेण्याआधी मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतेच.

"तुझं व्हिसा स्टेटस काय?"

"एच-वन. ग्रीन कार्ड फाइल केलंय. का?"

"मग परमिट सोड, पिस्तूल हातातही घेता येणार नाही तुला. फेडरल कायदा आहे. वर्क व्हिसावरच्या माणसाकडे सापडलं तर गुन्हा. थोडे अपवाद आहेत, ते वकिलाला विचार."

इतका वेळ फेऱ्या मारणारा माणूस जागच्या जागी थांबला. मला धस्स झालं.

"पण यांच्या कॉन्स्टिट्यूशनमध्ये राइट आहे ना?"

"आपण घटना मानणारी माणसं रे. ती अर्धी वाचून चालेल का? काय करून बसलायस ते सांग."

"ऑफिसमधल्या डेव्हनं त्याचं पिस्तूल दिलंय. म्हणाला, इथे परमिट लागत नाही, ठेव. बाहेर गाडीत आहे, ग्लोव्ह बॉक्समध्ये."

डेव्ह खोटं बोलला नव्हता. तो इथे जन्मलेला, त्याच्यापुरतं ते खरंच होतं.

"आणि उद्या आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला भावाकडे ड्राइव्ह करतोय," प्रशांत हळूच म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. न्यू जर्सीत ओहायोचं परमिट चालत नाही. तिथे सिटिझनचीही धडगत नसते, मग याचं काय झालं असतं? एका ट्रॅफिक स्टॉपमध्ये नोकरी, ग्रीन कार्ड, शीतल, सगळं पणाला.

"डेव्हला फोन कर. आत्ता. आणि गाडीकडे फिरकू नकोस."

विद्यार्थी येऊन बसले. मी सेफ्टीचे नियम सांगायला घेतले, पण लक्ष सगळं खिडकीबाहेर. मागच्या खुर्चीत प्रशांत गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत होता. पार्किंगमध्ये पोलिसाची गाडी वळून गेली, तेव्हा माझं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

शेवटी डेव्ह आला. प्रशांतनं किल्ली दिली, पिस्तूल डेव्हनंच बाहेर काढलं. मॅगझिन काढून स्लाइड मागे ओढली, तर चेंबरमधून एक गोळी टणकन खाली पडली. लोडेड होतं!

"आय हॅड नो आयडिया," डेव्ह पुन्हा पुन्हा म्हणत होता. व्हिसाचा असा काही नियम असतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी प्रशांतला वकिलाचा नंबर दिला आणि घरी पाठवलं. त्याचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. शीतलनं लॅबमध्ये सांगितल्यापासून सिक्युरिटी गार्ड तिला गाडीपर्यंत सोडतो आणि घराखाली प्रशांत उभा असतो. भीती पूर्ण गेलेली नाही. ती माझीही गेलेली नाही, आणि माझ्याकडे तर परमिट आहे.

ऑप्शनल गोष्टीसाठी शनिवार का घालवायचा, असं लोक मला अजून विचारतात. प्रशांतनं तोच विचार केला असता, तर रविवारी पिस्तूल घेऊन न्यू जर्सीत शिरला असता. त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांना सर्टिफिकेट मिळालं. क्लासचा खरा फायदा झाला तो ज्याला मिळालं नाही त्याला.